गिअरबॉक्स एकदाच उतरवा: घरी क्लच बदलणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बोलेरो, पिकअप, सुमो, ट्रॅक्स, क्वालिस, जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाड्यांचा क्लच सेट आमच्या साताऱ्याच्या दुकानातून नेऊन घरच्या शेडमध्ये स्वतः बसवणारे ग्राहक बरेच आहेत. शेतकऱ्याच्या घरी पाने-पक्कड, जॅक असतोच आणि ट्रॅक्टरच्या कामामुळे हातही सरावलेला असतो. असं काम घरी नीट होतं, हा आमचा अनुभव आहे. मात्र या कामात खुद्द क्लच काढून घालायला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. बाकीचा सगळा वेळ आणि घाम गिअरबॉक्स उतरवण्यात आणि परत चढवण्यात जातो. म्हणून आमचं सांगणं एकच: गिअरबॉक्स खाली आलाच आहे, तर आतलं प्रत्येक काम त्याच वेळी उरका. शे-दोनशे रुपयांच्या बेअरिंगपायी तो पुन्हा उतरवायची पाळी येऊ नये.

मारुती ८००, अल्टो, स्विफ्ट यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हे पत्रक लागू नाही. त्यांचं इंजिन आडवं असतं आणि दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारी लांब नळी) आणि डिफरन्शिअल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) असं सगळं एका रांगेत असतं. शाफ्ट सोडला की गिअरबॉक्स मागे सरकून खाली येतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केसचं वजन वाढतं. ते काम घरी करू नका, असंच आम्ही सांगतो.

आधी खात्री करा, मग सेट न्या

यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, ही क्लच प्लेट गेल्याची खूण. घरच्या घरीही तपासता येतं. चाकांना पुढून-मागून उटी लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडीसमोर कुणाला उभं करू नका. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून थोडा एक्सलरेटर द्या आणि क्लच सोडा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

गिअर खरखरत पडत असेल, रिव्हर्स लागत नसेल, तर मात्र लगेच सेट घेऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाही एवढाच त्याचा अर्थ. आधी क्लचच्या बाटलीतलं ऑइल बघा, स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सजवळचा, ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबर मागे सारून आत ओल आहे का बघा, केबलची गाडी असेल तर केबल ताणली गेली आहे का बघा. पुष्कळदा काम स्लेव्ह सिलिंडरच्या किटमध्ये भागतं आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. तसं असेल तर आम्ही किटच देऊ.

आवाजावरूनही बरंच कळतं. पेडल दाबल्यावर घर्रर्र सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) संशय घ्या, क्वचित पायलट बेअरिंगवर (इंजिनाच्या क्रँकच्या टोकात बसणारं). उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमध्ये जाणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगमध्ये आहे. नवा क्लच घालून तो आवाज जाणार नाही.

जमीन आणि स्टँड

या बाबतीत आम्ही कडक बोलतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, विटा किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर टेकवलेल्या गाडीखाली तर अजिबात नाही. वीट आणि ब्लॉक सूचना न देता फुटतात. चार पक्के स्टँड हवेत आणि ते चॅसिसच्या मजबूत भागाखालीच. मुरमाची किंवा सारवलेली जमीन असेल, तर प्रत्येक स्टँडखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट टाका, नाहीतर पाय रुततात. गाडी टेकवल्यावर बाजूने धरून जोरात हलवून बघा. हलली तर परत बसवा.

गिअरबॉक्स तीस-चाळीस किलोचा सहज भरतो. छातीवर पेलून उतरवायची जुनी पद्धत काही जण अजून वापरतात. कृपया तसं करू नका. ट्रॉली जॅक आणि सोबत एक माणूस हवाच.

उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, कारण सेल्फची (स्टार्टर मोटरची) जाड तार सोडायची आहे. गिअर ऑइल काढण्यापूर्वी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. तो जाम असला आणि खालून ऑइल काढून बसलात, तर नवं ऑइल भरणार कुठून?

प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजवर समोरासमोर रंगाची खूण करा. शाफ्ट परत त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर वेगात गाडी थरथरते. शाफ्ट हातात आला की त्याच्या सांध्यातले क्रॉसही हलवून बघा. अडखळत असतील किंवा खेळत असतील, तर तेही आत्ताच बदला.

मग आतून गिअर लिव्हर, खालून रिव्हर्स लाइटची वायर, स्पीडोमीटरची केबल, सेल्फ, आणि आड येत असेल तर सायलेन्सरचा पुढचा पाइप. स्लेव्ह सिलिंडर पाइपासकट सोडून तारेने बाजूला बांधा. पाइप उघडला नाही तर हवा काढायचं काम वाचतं. तो लटकलेला असताना पेडलवर कुणी पाय दिला तर पिस्टन बाहेर उडतो, म्हणून घरातल्या पोरांना गाडीत चढू देऊ नका.

मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा पट्टा) सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक आणि इंजिनाच्या मागच्या भागाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक द्या. हा दुसरा जॅक विसरला तर इंजिन मागे झुकतं, पुढे पंखा जाळीला लागतो आणि रेडिएटरचे पाइप ताणले जातात. हाऊसिंगचे (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या घुमटाचे) वरचे बोल्ट लांब एक्स्टेन्शन लावून मागच्या बाजूने सुटतात. सगळे सुटल्यावर गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढा. शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचं वजन त्याच्यावर लोंबकळू देऊ नका.

हाऊसिंगच्या आत

खरं काम इथे आहे, घाई करू नका. आतली काळी भुकटी हवेने उडवू नका. जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुफ्फुसांना घातक आहे. तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या झाकणाचे) बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जा. एकच बोल्ट आधी पूर्ण काढला तर प्लेट वाकते. जुनी क्लच प्लेट हातात आली की लगेच फेकू नका, नीट बघा. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलं असेल तर तिचं आयुष्य संपलं होतं. पण लायनिंग शिल्लक आहे आणि ते तेलकट, चकचकीत दिसतंय, तर दोष दुसरीकडे आहे. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) बाजूला काळं इंजिन ऑइल दिसलं तर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. गंधकासारखा उग्र वास असलेलं घट्ट ऑइल हाऊसिंगच्या बाजूने आलं असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. ते न बदलता नवी प्लेट घातली, तर तीही तेलात भिजून घसरायला लागेल.

फ्लायव्हीलवर बोट फिरवून बघा. निळे डाग, बारीक तडे, नखाला अडकणारे चरे असतील तर लेथवर घासून घ्या. घासण्याला मर्यादा असते आणि खोल तडा गेला असेल तर फ्लायव्हील बदलावंच लागतं. काही नव्या डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (आत स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) असतं, ते लेथवर द्यायचं नाही. फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंगचे दातही बघा. सेल्फ अधूनमधून नुसताच फिरत असेल तर कारण इथे दिसेल.

क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग बरेच जण सोडून देतात. ते काढायची सोपी युक्ती आहे. बेअरिंगच्या मागची पोकळी ग्रीसने गच्च भरा, भोकात घट्ट बसेल अशी दांडी घालून हातोडीने ठोका. ग्रीसला जायला वाट नसते, म्हणून ते बेअरिंगला मागून बाहेर ढकलतं. दोन-तीनदा ग्रीस भरावं लागेल. आतलं सगळं ग्रीस पुसूनच नवं बेअरिंग ठोका. रिलीज बेअरिंगही आवाज नसला तरी बदला.

नवी प्लेट लावण्याआधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घालून बघा. ती स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या दातांवर) हाताने सहज पुढे-मागे सरकली पाहिजे. स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, जास्तीचं पुसून टाका, लायनिंगला ग्रीसची बोटं लागू देऊ नका. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा इंग्रजीत छापलेली असते. बहुतेक गाड्यांत स्प्रिंगांचा उंच भाग गिअरबॉक्सकडे येतो. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

मग सेंटरिंग. सेंटरिंगची दांडी प्लेटमधून पायलट बेअरिंगपर्यंत घालून प्लेट मधोमध धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, पाळीपाळीने आवळा. ८ मिमीच्या बोल्टाला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर लागतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा माना. सगळे बोल्ट आवळून झाल्यावर दांडी सुळकन बाहेर आली पाहिजे. अडकत असेल तर बोल्ट सोडून पुन्हा मध्य साधा.

चढवताना

गिअरबॉक्सचं हाऊसिंग इंजिनाला वर-खाली, डावी-उजवीकडे समान अंतरावर ठेवून पुढे सरकवा. शाफ्ट प्लेटमध्ये जात नसेल तर गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवा, स्प्लाइन जुळले की तो आत जातो. शेवटचं बोटभर अंतर बोल्ट आवळून मिटवू नका. ओढून घेतलेला गिअरबॉक्स एकतर प्लेटचं हब वाकवतो किंवा हाऊसिंगचा कान तोडतो. थांबा, जॅक थोडा वर-खाली करा, पुन्हा ढकला. सेंटरिंग बरोबर असेल तर हाऊसिंग हाताच्या जोरावर टेकतं.

गिअर ऑइल भरल्यावर आणि पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे ठेवल्यावर, स्टँड काढण्याआधी इंजिन सुरू करून सगळे गिअर घालून बघा. त्या वेळी गाडीखाली कुणी नसावं. पहिले ३०० ते ५०० किमी भरलेली पिकअप घेऊन कुंभार्ली किंवा खंबाटकी चढू नका. लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढा वेळ लागतो. घाटात वाहनांची रांग लागली की अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय अनेकांना आहे. आमच्याकडे येणाऱ्या जळक्या प्लेटांमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं. रांगेत हँडब्रेक ओढा.

दुकानात येताना

आरसी बुक आणि शक्य असेल तर जुनी प्लेट सोबत आणा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार प्लेटचा व्यास आणि स्प्लाइनचे दात बदलतात. आम्ही जुनी प्लेट नव्याशेजारी ठेवून मोजूनच सेट देतो. सेंटरिंगची दांडी आणि टॉर्क पाना डिपॉझिटवर मिळतो, काम झालं की आणून द्या. माप चुकलं तर सेट बदलून देऊ. मात्र प्लेट एकदा गाडीत बसवली किंवा तिला ग्रीस लागलं, तर ती परत घेता येत नाही, म्हणून शाफ्टवर घालून बघण्याचं काम बोल्ट लावण्याआधी करा.