कोडकची सिनेमा-फिल्म बंद झालेली नाही

‘कोडक बुडाली आणि सिनेमाची फिल्मही संपली’ हे वाक्य गेली दहा-बारा वर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे, आणि फिल्मवर चित्रीकरण करू पाहणाऱ्यांना ते नाहक मागे खेचतं.

कोडकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, हे खरं. पण अमेरिकी कायद्यातली ही तरतूद कंपनी चालू ठेवून कर्जाची फेररचना करण्यासाठी आहे. सप्टेंबर 2013 मध्ये कोडक त्यातून बाहेर आली. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातलं तिचं फिल्मचं उत्पादन चालूच राहिलं.

मग गैरसमज कुठून आला? माझ्या मते तीन बातम्यांची सरमिसळ झाली. 2009 मध्ये कोडाक्रोम ही कोडकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म बंद झाल्याचं जाहीर झालं. 1935 मध्ये ती आधी 16 मिमी सिनेमा-फिल्म म्हणूनच आली होती, त्यामुळे हळहळ मोठी होती. मग दिवाळखोरी. आणि 2013 मध्ये फुजीफिल्मने कॅमेऱ्यात वापरायच्या सिनेमा-फिल्म थांबवल्या. खरोखर बाहेर पडली ती फुजी! तीसुद्धा पूर्ण नाही, जतनासाठीची खास फिल्म तिने चालू ठेवली होती.

कोडकची व्हिजन3 ही रंगीत निगेटिव्ह मालिका 2007 पासून आहे. 50डी, 250डी, 200टी, 500टी या नावांतला आकडा प्रकाशसंवेदनशीलतेचा; ‘डी’ म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, ‘टी’ म्हणजे टंगस्टन दिव्यांसाठी. 2018 मध्ये तर कोडकने बंद केलेली एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म पुन्हा आणली. शिवाय जर्मनीच्या ऑर्वो नावाने कृष्णधवल सिनेमा-फिल्मही मिळत आली आहे.