चिनी चित्र म्हणजे नक्कलच?

‘चीनमधलं तैलचित्र ना? मग नक्कलच असणार,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. शेन्झेनमधल्या दाफेन गावात १९८९पासून व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या प्रती घाऊक भावात रंगवल्या गेल्या, हे खरं. पण २००८च्या मंदीत परदेशी मागणी आटली आणि तिथलेही कित्येक चित्रकार स्वतःची चित्रं काढू लागले.

शिवाय दाफेन म्हणजे अख्खा चीन नव्हे! चिनी चित्रकार झेंग फानझी यांचं २००१चं ‘द लास्ट सपर’ जरा निरखून बघा. मांडणी लिओनार्दो दा विंचीच्या, येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या भोजनाच्या प्रसिद्ध चित्राची, पण टेबलावर कलिंगडाच्या लालभडक फोडी, चेहऱ्यांवर मुखवटे, गळ्यात चिनी शाळकरी मुलांचा लाल रुमाल. पैशांसाठी येशूला दगा देणाऱ्या एकट्या जुदासच्या गळ्यात सोनेरी टाय. मला त्यात पैशामागे निघालेला चीन दिसतो. याला नक्कल कसं म्हणायचं? २०१३ साली हाँगकाँगच्या लिलावात हे चित्र १८ कोटी हाँगकाँग डॉलरला गेलं.