राखेचे सिमेंट कच्चे नसते

परळीसारख्या औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळलेले सिमेंट भेसळीचे असते आणि त्याचा स्लॅब कच्चा राहतो, हा मराठवाड्यात रुजलेला समज चुकीचा आहे. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) या राखमिश्रित सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के उडती राख (फ्लाय अ‍ॅश) भारतीय मानकानुसारच घातली जाते. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी ही बारीक राख सावकाश संयोग पावून नवा बंधक पदार्थ तयार करते, त्यामुळे काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि पाणी झिरपणे कमी होते. सुरुवातीची मजबुती मात्र हळू येते, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच आहे. टंचाईच्या उन्हाळ्यात पाणी मारणे लवकर थांबते, तडे जातात आणि दोष राखेला लागतो. अशा काँक्रीटला किमान 10, शक्यतो 14 दिवस ओले ठेवावे.