पाळी गेल्यानंतरचा मेंदू: हार्मोन कशासाठी, चालणं कशासाठी

पाळी जायच्या सुमारास शब्द ओठावर येऊन अडतो, गॅसवर दूध ठेवल्याचं लक्षात राहत नाही. मुंबईतल्या बायका हे लोकलच्या डब्यात मैत्रिणींना सांगतात, डॉक्टरांना क्वचितच. आणि हा स्मृतिभ्रंश तर नाही ना, या धास्तीत राहतात. बहुतेकींच्या बाबतीत तो नसतो. या संक्रमणाच्या काळात स्मरणशक्ती थोडी ढिली पडते आणि पुढे बऱ्याच जणींची सावरते.

इस्ट्रोजेन हे अंडाशयात तयार होणारं हार्मोन पाळी जाताना घटतं, आणि ते मेंदूतही काम करतं. आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत. मादी उंदरांचे अंडाशय काढले, तर तिथल्या पेशींमधल्या जोडण्या विरळ होतात आणि इस्ट्रोजेन दिल्यावर पुन्हा वाढतात, हे १९९०च्या सुमारास दिसून आलं. शरीराचं तापमान राखणाऱ्या हायपोथॅलॅमसचाही तोल इस्ट्रोजेन घटल्यावर बिघडतो. हॉट फ्लश, म्हणजे अचानक अंगभर उसळणारी उष्णता आणि घाम, येतात ते त्यामुळेच. मे महिन्यातल्या दमट रात्री असे दोन-तीन फ्लश आले की झोपेचं खोबरं होतं, आणि अपुऱ्या झोपेने विसराळूपणात भरच पडते.

मग बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर मेंदू वाचेल? अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली आले आणि सगळेच हादरले. ६५ वर्षांपुढच्या सुमारे साडेचार हजार स्त्रियांपैकी ज्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं काम करणारं औषध) एकत्र दिलं, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट आढळला. प्रत्यक्षात ही वाढ वर्षाला १०,००० स्त्रियांमागे सुमारे २३ इतकी होती. पण त्या स्त्रियांची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटली होती. नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवर नंतर चार वर्षांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली आले: स्मरणशक्तीला फायदाही नाही, तोटाही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. केवळ स्मृतिभ्रंश टाळायला हार्मोन घेऊ नयेत. पण रात्रीच्या घामाने जगणं नकोसं झालेल्या पन्नाशीच्या बाईला २००३ची भीती घालून उपचार नाकारणं हाही अन्यायच आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना त्यांचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात झालेला असेल, तर मात्र सहसा देत नाहीत. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच.

व्यायामाची गोष्ट जास्त आशादायक आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांचे दोन गट केले. एक गट वर्षभर आठवड्यातून तीनदा, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत चालला. दुसऱ्याने स्ट्रेचिंग केलं. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा १.४ टक्के आक्रसला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसला नाही. तरी व्यायामाने रक्तदाब, साखर आणि झोप सुधारते, आणि तिन्ही मेंदूशी बांधलेल्या आहेत.

हार्मोन आणि व्यायाम यांचं एकमेकांशीही नातं दिसतं. व्यायामाने बीडीएनएफ हे चेतापेशींना पोसणारं प्रथिन वाढतं. अंडाशय काढलेल्या उंदरांत ही वाढ कमी झाली, इस्ट्रोजेन दिल्यावर परतली. ५४ स्त्रियांच्या २००७च्या एका अभ्यासात दीर्घकाळ हार्मोन घेतलेल्यांच्या मेंदूची झीज जास्त होती, पण ज्यांचा दमसास चांगला त्यांच्यात ती कमी. अभ्यास लहान होता, त्यावरून औषध ठरवता येणार नाही.

‘दिवसभर कामातच असते, वेगळा व्यायाम कशाला?’ हे घरोघरी ऐकू येतं. ओट्याशी उभं राहणं या हिशेबात धरता येत नाही. शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. आठवड्याला १५० मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम.

ज्यांची पिशवी ऑपरेशनने काढली आहे, त्यांनी एक गोष्ट पाहावी: अंडाशयही काढले होते का? चाळिशीच्या आत दोन्ही काढले असतील, तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं आणि पुढे स्मृतीच्या तक्रारींचा धोका वाढतो. अशा स्त्रियांना, अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. अनेकींना ऑपरेशनच्या वेळी हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. अंडाशय काढले की नाही, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. कपाटातल्या फायलीतून ते कार्ड काढून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.