दहा लाख माणसं कुठे ठेवायची?

शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक आकडा हमखास असतो: अमुक सालापर्यंत लोकसंख्या इतके लाख. मग त्या आकड्याला दरडोई पाण्याने गुणायचं, नकाशावर आरक्षणं टाकायची, हरकती-सूचना मागवायच्या आणि वीस वर्षं वाट बघायची. या खटाटोपात एक समजूत बिनबोभाट आत शिरलेली असते. माणसं किती येणार हे कळलं, म्हणजे शहर कसं होणार हे कळलंच! ही समजूत किती चुकीची आहे, हे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीला चक्क मोजून दाखवलं.

राज्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी. पूर्वेला वासॅच पर्वतांची भिंत, पश्चिमेला ग्रेट सॉल्ट लेक हे खारं सरोवर आणि वाळवंट. मधल्या चिंचोळ्या पट्टीत राज्यातली बहुतेक वस्ती. १९९० च्या दशकात या भागात सोळा-सतरा लाख माणसं होती आणि २०२० पर्यंत आणखी दहा लाखांची भर पडेल असा अंदाज होता. शहराला पसरायला जागा नाही आणि बाहेरून कुणी नियम लादलेले इथल्या लोकांना खपत नाहीत. माझ्या जमिनीवर मी काय बांधायचं हे सरकारने सांगू नये, असं मानणारा हा मुलूख. अशा ठिकाणी १९९७ मध्ये ‘एन्व्हिजन युटा’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात उद्योजक होते, महापौर होते, जमीनमालक होते, धर्मसंस्थांची माणसं होती. कायद्याचा अधिकार मात्र शून्य. त्यामुळे ‘हा घ्या आराखडा’ म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी लोकांसमोर पर्याय ठेवले.

हे तंत्र म्हणजे सिनॅरिओ प्लॅनिंग. त्याचा उगम लष्करी आहे: शीतयुद्धाच्या काळात रँड या अमेरिकन संस्थेत हर्मन कान अणुयुद्धाच्या शक्यता अशा रीतीने मांडत असे. तिथून ते उद्योगात आलं. शेल कंपनीत पिएर वाक याच्या चमूने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तेलाचे भाव भडकण्याची शक्यता साहेबलोकांपुढे मांडून ठेवली होती आणि १९७३ मध्ये ते खरंच भडकले. या गोष्टीमुळे पुष्कळांना वाटतं की हे तंत्र म्हणजे सुटाबुटातलं ज्योतिष. ज्योतिषी एकच भविष्य सांगतो आणि ते चुकलं की दोष ग्रहांवर ढकलतो. इथे आधीच तीन-चार भविष्यं सांगायची असतात, त्यातली बहुतेक खोटी ठरणार हे कबूल करूनच. कुठलं खरं होणार हा प्रश्न नसतो. आज घेतलेला कुठला निर्णय कुठे नेऊन सोडेल, हा असतो.

युटातल्या कार्यशाळांमधला एक खेळ मला विशेष आवडतो. टेबलावर भागाचा मोठा नकाशा. तीव्र उतार, पाणथळ जागा, सरोवर, आधीची वस्ती, सगळं त्यावर दाखवलेलं. प्रत्येक टेबलाला सोंगट्या दिलेल्या आणि प्रत्येक सोंगटी म्हणजे ठराविक विकास. नियम एकच: दहा लाख माणसांच्या सगळ्या सोंगट्या नकाशावर बसल्या पाहिजेत, एकही हातात उरता कामा नये. भौतिकशास्त्रात ऊर्जा अक्षय्य असते, तशी इथे लोकसंख्या अक्षय्य! ‘आमच्या गावात नको’ म्हणणाऱ्याला ती सोंगटी दुसऱ्याच्या गावात ठेवावी लागते, आणि तो दुसरा समोरच बसलेला असतो. लोक आधी सवयीने सोंगट्या ऐसपैस मांडायचे. मग शेतं संपायची, डोंगराचा पायथा संपायचा आणि हात आपोआप एका सोंगटीवर दुसरी चढवू लागायचे. उंच इमारतींच्या बाजूने कुणी भाषण ठोकलेलं नसायचं.

पीटर कॅल्थॉर्प आणि जॉन फ्रेगोनीझ या नियोजकांच्या मदतीने या कार्यशाळांमधून चार चित्रं तयार झाली. ‘अ’ मध्ये तेव्हा काही भागांत चालू असलेली पसरट वाढ तशीच पुढे न्यायची. ‘ब’ मध्ये गावोगावच्या नगरपालिकांचे कागदावरचे आराखडे तंतोतंत पाळायचे. ‘क’ मध्ये बरीचशी नवी वस्ती चालत फिरता येईल अशा, वाहतुकीच्या मार्गांलगतच्या गावठाणांत. ‘ड’ मध्ये आणखी दाट आणि जुन्या शहरात भर घालणारी वस्ती. चारही चित्रांत माणसं तेवढीच. नव्याने लागणारी जमीन मात्र ‘अ’ मध्ये ४०९ चौरस मैल, ‘ब’ मध्ये ३२५, ‘क’ मध्ये १२६ आणि ‘ड’ मध्ये ८५. ‘अ’ आणि ‘ड’ मधला फरक आपल्या मापात सुमारे ८४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या सगळ्या हद्दीच्या दुपटीला थोडा कमी.

एवढा फरक कशाने पडतो? उत्तर शाळेतल्या गणितात आहे.

एक हजार चौरस मीटरचा प्लॉट घ्या, रस्त्याकडची बाजू २५ मीटर, खोली ४० मीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं असतील, तर हजार घरांसाठी ५०० गुणिले २५, म्हणजे साडेबारा किलोमीटर रस्ता लागतो. तेवढीच पाण्याची लाइन, तेवढंच ड्रेनेज, तेवढीच वीजवाहिनी. आता प्लॉट साधारण ४०० चौरस मीटरचा करा, १३ बाय ३०. रस्ता साडेसहा किलोमीटरवर येतो. लोक प्लॉटचं क्षेत्रफळ बघतात, पण नगरपालिकेचा खर्च ठरतो प्लॉटच्या रुंदीवर.

पुढचं पाऊल बसचं. माणूस स्टॉपपर्यंत फार तर ८०० मीटर चालतो असं धरू. त्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटर. रस्ते, मैदानं यांसाठी तीस टक्के जागा सोडली तर मोठ्या प्लॉटांची घरं तिथे चौदाशे बसतात, लहान प्लॉटांची साडेतीन हजार. चौदाशे घरांसाठी दर दहा मिनिटांनी बस सोडणं परवडत नाही, म्हणून ती तासाला एक सुटते. तासाला एक बस म्हटल्यावर माणूस गाडी घेतो. गाडीला दुकानापाशी पार्किंग लागतं. पार्किंगमुळे दुकानं एकमेकांपासून लांब जातात, लांब गेल्यामुळे चालणारे आणखी कमी होतात आणि बस दोन तासांनी एक होते. हे चक्र स्वतःलाच ढकलत राहतं, त्यामुळे सुरुवातीचा लहानसा फरक पंधरा-वीस वर्षांत शेकडो चौरस किलोमीटरचा होऊन बसतो.

वाहतूक अभियंते हे कसं मोजतात तेही बघण्यासारखं आहे. भागाचे शेकडो विभाग पाडतात. एका विभागातली घरं गुणिले दुसऱ्यातल्या नोकऱ्या, भागिले दोघांमधल्या अंतराचा किंवा प्रवासवेळेचा कुठलासा घात. रूप न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रासारखंच आणि नावही ‘ग्रॅव्हिटी मॉडेल’. फक्त इथला घात निसर्गाने दोनवर बांधून दिलेला नाही, तो प्रत्यक्ष प्रवासांच्या पाहणीतून बसवावा लागतो. त्यातून निघालेले प्रवास मग गाडी, बस, पायी असे विभागले जातात. ही विभागणी सरळ रेषेत होत नाही, तिरप्या, ताणलेल्या ‘एस’ सारख्या वक्राने होते: बस जरा सुधारली तर काही फरक दिसत नाही, एका टप्प्यानंतर एकदम लोक वळतात, पुढे पुन्हा सपाटी. जुन्या पद्धतीत घरं आणि नोकऱ्या कुठे असणार हे आधीच ठरलेलं समजून हे गणित चालवत आणि शेवटी उत्तर ठरलेलं यायचं: रस्ता रुंद करा. इथे घरांची जागाच प्रत्येक चित्रात बदलत होती.

खर्चाचे आकडे असे आले. रस्ते, पाणी, सांडपाणी वगैरेंसाठी ‘अ’ ला सुमारे ३७.६ अब्ज डॉलर, ‘ब’ ला २९.८, ‘क’ ला २२.१ आणि ‘ड’ ला २३. शेवटच्या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. सगळ्यात दाट चित्र सगळ्यात स्वस्त नाही, कारण तिथे सार्वजनिक वाहतुकीवरचा खर्च वाढतो. ‘जितकं दाट तितकं चांगलं’ असं घोकणाऱ्यांनी आणि गावाबाहेर स्मार्ट सिटीची चकचकीत चित्रफीत दाखवणाऱ्यांनी, दोघांनीही ते आकडे नजरेखालून घालावेत. हल्ली शहराचं ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे संगणकातली हुबेहूब प्रतिकृती, केलं की भविष्य हातात आलं, अशीही एक हवा आहे. पण संगणकात एकच चित्र भरलंत तर कितीही रंगीत असलं तरी ते एकच चित्र राहतं.

१९९९ च्या सुरुवातीला ही चारही चित्रं प्रश्नावलीसह वर्तमानपत्रांतून घरोघर गेली, सुमारे सहा लाख प्रती. सतरा हजारांहून जास्त उत्तरं आली. ‘अ’ आणि ‘ब’ निवडणारे अगदी थोडे, बहुतेकांचा कल ‘क’ कडे आणि त्याखालोखाल ‘ड’ कडे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा नमुना लंगडा आहे, हे सांगितलं पाहिजे. फॉर्म भरून पाठवण्याची तसदी घेणारे तीन टक्के लोक उरलेल्या सत्त्याण्णवांसारखेच असतील असं नाही. तरीही आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार जे होतं, त्यापेक्षा हे निराळं. आपल्याकडे एकच प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि नागरिकाला त्यावर हरकत घ्यायची मुभा असते. साहजिकच जो तो आपल्या सर्व्हे नंबरवरून रस्ता जातोय का तेवढं बघतो. चार आराखडे शेजारी शेजारी ठेवून ‘यातलं कुठलं हवं?’ असं त्याला कुणी विचारतच नाही.

युटाच्या पद्धतीतही एक आंधळी जागा होती. चारही चित्रांनी लोकसंख्या तेवढीच धरली. तुलना त्यामुळेच स्वच्छ झाली, पण माणसं कमी-जास्त आली तर काय, बर्फ कमी पडलं तर काय, हे प्रश्न चौकटीबाहेर राहिले. नद्यांचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवलेलं, वर दुष्काळ, यामुळे २०२२ मध्ये ग्रेट सॉल्ट लेक नोंदींमधल्या नीचांकी पातळीला गेलं. अशा प्रश्नांना शेलमधल्या वाकच्या धाटणीचे सिनॅरिओ लागतात. ज्यांवर आपला ताबा नाही असे दोन घटक, समजा पाऊस आणि स्थलांतर, दोन अक्षांवर घ्यायचे, पटावरच्यासारखी चार घरं आखायची आणि प्रत्येक निर्णय चारही घरांतून फिरवून बघायचा. एकाच घरात शोभणारा निर्णय जुगार असतो. चारही घरांत तग धरणारा लगेच घ्यावा. असा एक निर्णय सॉल्ट लेकच्या वाहतूक प्राधिकरणाने घेतला. वस्ती वाढून भाव चढण्याआधीच, २००२ मध्ये त्यांनी युनियन पॅसिफिक कंपनीकडून रेल्वेमार्गालगतच्या पट्ट्याचे हक्क विकत घेतले. फ्रंटरनर ही लोकल गाडी त्या पट्ट्यातून धावायला २००८ उजाडलं. बांधकाम सुरू होईपर्यंत ती जमीन नुसती राखून ठेवलेली होती, आणि ती राखून ठेवण्यासाठीच घेतलेली होती.