रानडुकरांनी पीक खाल्लं, तर भरपाईचा अर्ज कसा करायचा आणि तो कुठे अडकतो

भुईमूग काढणीला आला की त्याचा पत्ता रानडुकरांना आपल्याआधी लागतो. एका रात्रीत दहा-पंधरा गुंठे उकरून ठेवतात. वन विभाग याची भरपाई देतो हे आता बहुतेक गावांत माहीत झालंय, तरी अर्ज फेटाळले जातात आणि कारणं बहुधा तीच ती असतात. फॉर्म भरणं अवघड नाही. महा ई-सेवा केंद्रावर पंधरा मिनिटांत होतो. अडतं ते त्याच्या आधी, बांधावर, पहिल्या दोन-तीन दिवसांत.

भरपाई कोणत्या प्राण्यांसाठी मिळते याची यादी ठरलेली आहे. त्यात रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, रानगवा, हरणं, माकड-वानर आणि रानहत्ती येतात. उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान यात बसत नाही. म्हणून अर्जात ‘जंगली जनावरांनी पीक खाल्ले’ असं मोघम लिहू नका, प्राण्याचं नाव लिहा. नाव लिहिलंत की पंचनाम्याला येणारा माणूस त्याच प्राण्याच्या खुणा शोधतो. डुकराचा माग ओळखायला सोपा असतो. पुढे दोन रुंद खुरांचा ठसा आणि ओल्या मातीत त्यामागे दोन लहान नख्यांचे ठिपके. उसात शिरलं असेल तर बुडख्याशी चावलेली कांडी आणि चघळून टाकलेला चोथा दिसतो. कुंपणाच्या तारेखालून येण्या-जाण्याची मळलेली वाट असते आणि तारेला राठ केस अडकलेले असतात. या सगळ्याचे फोटो काढा. एक फोटो जवळून, शेजारी चप्पल नाहीतर विळा ठेवून, म्हणजे ठशाचा आकार कळेल. दुसरा लांबून, त्यात विहीर, झाड, विजेचा खांब असं काहीतरी यावं, म्हणजे शेत तुमचंच आहे हे दिसेल. फोनचं लोकेशन चालू ठेवा.

तीन दिवसांची मुदत

घटना घडल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे, वनपालाकडे किंवा वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात तक्रार द्यायची असते. सगळ्यात जास्त अर्ज इथेच मरतात, आणि त्याला दोन गैरसमज कारणीभूत आहेत.

पहिला असा की, तीन दिवसांत सगळी कागदपत्रं गोळा झाली पाहिजेत. मग माणूस सातबाऱ्यासाठी धावतो, पासबुक भरून आणतो, भावाच्या सहीसाठी थांबतो, आणि पाचव्या दिवशी जाडजूड फाईल घेऊन रेंज ऑफिसला, म्हणजे वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात पोहोचतो. तीन दिवसांत द्यायची आहे ती तक्रार. साध्या कागदावर नाव, गाव, गट नंबर, पीक, प्राणी, घटनेची तारीख आणि अंदाजे किती क्षेत्र गेलं, एवढं पुरतं. बाकी कागद मागून जोडता येतात, गेलेली तारीख मागून जोडता येत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे फोनवर सांगितलं की झालं. गार्ड, म्हणजे वनरक्षक, ओळखीचा असतो, ‘हो, येतो’ म्हणतो आणि खरोखर येतोही. पण पुढे कार्यालयात तुमच्या नावापुढे तारीख दिसत नाही. तक्रारीची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं म्हटलं तर आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाला द्या. पोच द्यायला साहेब लागत नाहीत. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. आपले सरकार पोर्टलवर अर्ज केलात तर पावती आपोआप निघते. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे, पण तिथे सांगणं हे लेखी तक्रारीच्या जोडीला, तिच्याऐवजी नाही. सुट्ट्या आडव्या आल्या तरी मुदत वाढेल या भरवशावर राहू नका.

डुकरं एकदा आली की परत येतात. सोमवारी चार गुंठे गेले, शुक्रवारी आणखी सहा, तर शुक्रवारच्या नुकसानीची वेगळी तक्रार द्या. सोमवारच्या कागदात शुक्रवारचं नुकसान कोणी मोजत नाही.

पंचनामा

पंचनाम्याला वन खात्याचा माणूस येतो, तसाच महसूल आणि कृषी खात्याचाही लागतो. तिघांना एका दिवशी एका बांधावर आणणं हे खरं अवघड काम. तलाठ्याकडे चार गावं, कृषी सहायकाकडे त्याहून जास्त, आणि वनरक्षकाच्या बीटमध्ये, म्हणजे त्याच्या हद्दीत, वणवा लागलेला. तिघांची तारीख जुळवणं हे तुमचं काम नाही, तरी एक-एक फोन करून ती जुळवून घ्या. नाहीतर प्रत्येकजण ‘दुसरा आला की येतो’ म्हणतो आणि तोवर शेतात पाहायला काही उरत नाही.

पंचनामा होईपर्यंत उरलेलं पीक काढू नका, सारखं करू नका, नांगर घालू नका. उसाची टोळी दारात उभी असेल किंवा पावसानं शेंगा कुजायला लागल्या असतील, तर कार्यालयाला लेखी कळवा, सगळीकडचे फोटो काढा आणि निदान एक पट्टा तसाच ठेवा.

पंचनाम्यावर डोळे झाकून सही करू नका. बघायचा तो क्षेत्राचा रकाना. आपण गुंठ्यांत बोलतो आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. वीस गुंठे म्हणजे ०.२० हेक्टर. घाईत तिथे ०.०२ लिहिलं गेलं की वीस गुंठ्यांचे दोन होतात, आणि तुमची सही खाली असते. ऊस असेल तर भरपाई टनावर ठरते, म्हणून वजनाचा अंदाज लिहिलाय का पाहा. नारळ, सुपारी, आंबा, केळी यांचा हिशोब झाडावर असतो. कोकणात ‘बाग, १० गुंठे’ एवढंच लिहिलेले पंचनामे निघतात आणि मग झाडांची संख्या कुठून आणायची यावर फाईल फिरत राहते. झाडं मोजून घ्या, जातीनिहाय लिहून घ्या.

आणि पूर्ण नुकसान भरून निघेल ही आशा धरू नका. थोडं नुकसान असेल तर सगळं मिळतं, त्यापुढे टक्केवारी लागते आणि वर कमाल मर्यादा आहे. दर शासन निर्णयानं वाढत आलेत, पण काही कार्यालयांच्या भिंतीवर जुनाच तक्ता असतो. तेव्हा चालू शासन निर्णय दाखवायला सांगा.

सातबारा आणि सह्या

ओळखपत्र, आधार, पासबुकाचं पहिलं पान, आठ-अ हे सगळ्यांकडे असतं. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का तेवढं तपासा.

गोची सातबाऱ्यावर होते. पहिली पिकाची. शेतात भुईमूग आणि सातबाऱ्यावर ‘पड’, किंवा गेल्या वर्षीचं सोयाबीन. ई-पीक पाहणी केलेली नसते, आणि मग ‘नोंदीनुसार पीक नाही’ असा शेरा पडतो. पंचनाम्यात पीक दिसलं तरी हा शेरा पुसायला हेलपाटे पडतातच. पेरणी झाल्यावर मुदतीत मोबाईलवरून पाहणी करून टाका. मुदत गेली असेल तर तलाठ्याला गाठा.

दुसरी, सामाईक खात्याची. सातबाऱ्यावर पाच नावं. एक भाऊ लालबागला, एक सुरतेला, एक बहीण लग्न होऊन गेलेली, एक चुलते वारलेले आणि त्यांची वारस नोंद अजून झालेली नाही. कसणारा एकटाच, पण पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यावर टाकायला इतरांचं संमतीपत्र मागतात. नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही, कारण घराघरांतले वाद आपल्याला माहीत आहेत. पण आठ हजारांच्या भरपाईसाठी सुरतेहून सही मागवायची, हे कोणाच्या डोक्यातून आलं असेल याचं नवल वाटतं. गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हाच संमतीपत्र करून ठेवा. वारस नोंद मात्र थांबवू नका. ती नसेल तर भरपाईच काय, पुढे कर्ज आणि विमाही अडतो.

खंडानं किंवा अर्धेलीनं कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे अर्ज मालकाच्या नावानं होतो आणि पैसे मालकाच्या खात्यात येतात. पुढचं दोघांच्या विश्वासावर. शेत कसायला घेताना हे बोलून ठेवलेलं बरं.

वनजमिनीवरच्या अतिक्रमणाला भरपाई नाही. पण वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेला असेल तर ते अतिक्रमण नव्हे. पट्ट्याची प्रत अर्जाला पहिल्याच दिवशी जोडा. वन कायद्यांखाली गुन्हा असलेल्यांना आणि ज्यांची चारपेक्षा जास्त गुरं जवळच्या जंगलात चरतात त्यांनाही अटींनुसार भरपाई नाकारता येते. गुरांची ही अट क्वचित कोणी वाचलेली असते.

डुकराच्या वाटेवर फास लावू नका

हे कळकळीनं सांगतोय. डुकरं रोज त्याच वाटेनं येतात, म्हणून तारेच्या फटीत क्लचवायरचा फास लावला की प्रश्न मिटला, असं वाटतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यातच येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत. शिवाय ती वाट एकट्या डुकराची नसते. त्याच वाटेनं बिबट्या येतो. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतला, तो अडकला की कैद किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. पंचनाम्याला आलेल्या गार्डला बांधावर फास दिसला तर भरपाई बाजूला राहते आणि वेगळाच पंचनामा सुरू होतो. कुंपणात उघडा वीजप्रवाह सोडणं तर त्याहून वाईट. त्यानं माणसं मेली आहेत, बहुतेकदा त्याच घरातली नाहीतर शेजारची. सौर कुंपण वेगळं. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान आहे. वनक्षेत्रपाल कार्यालयात चौकशी करा.

उपद्रवी रानडुक्कर मारायला कायद्यानं वाट ठेवलेली आहे. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून, ठरावीक क्षेत्रापुरता, लेखी आदेश देऊ शकतो. अर्ज वनक्षेत्रपालांकडे करायचा. लोक तिथे चुकतात ते असं की, परवानगी मिळाली म्हणजे कसंही मारता येईल असं धरतात. फास, गावठी बॉम्ब, विष, वीज यांतलं काहीही चालत नाही. परवान्याची बंदूक लागते, आणि ती गावात एखाद्याकडे असली तर असते. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. त्याचं मटण वाटलं की परवानगीचा कागद तुम्हाला वाचवत नाही.

विमा वेगळा

पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांचं नुकसान खरीप २०२६ पासून घेण्याचं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्य अधिसूचित करील त्याप्रमाणे. तिथली मुदत ७२ तासांची, आणि फोटो लोकेशनसह विम्याच्या ॲपवर टाकायचे. वन खात्याला दिलेली तक्रार विमा कंपनीला पोहोचत नाही आणि विम्याची सूचना वन खात्याला. दोन्हींकडे स्वतंत्रपणे कळवावं लागतं.

अर्ज फेटाळला तर

तोंडी ‘बसत नाही’ ऐकून घरी येऊ नका, कारण लेखी मागा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नाकारल्यापासून किंवा मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आपले सरकार पोर्टलवरूनही. अपिलात नवी कहाणी सांगायची गरज नसते. पोच असलेली तक्रार, फोटो आणि पंचनाम्याची प्रत जोडा, आणि फेटाळण्याचं जे कारण लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर द्या. पंचनाम्याची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागा. तिथेही पोच घ्या.