कंपोस्ट सुरू करणारी प्रेरणा वेगळी, टिकवणारी वेगळी

‘मुलांमध्ये जागृती करा, शाळेतला ओला कचरा आपोआप जिरेल’ हे वाक्य आता ऐकवत नाही. शाळेला कंपोस्ट सुरू करायला लावणारी प्रेरणा आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवणारी प्रेरणा या दोन गोष्टी आहेत. बहुतेक जण पहिलीलाच दुसरी समजून बसतात.

पहिली सगळ्यांना ठाऊक आहे: ५ जूनचा पर्यावरण दिन, पोस्टर, स्पर्धा, एखाद्या उत्साही शिक्षकाची धडपड. सुरुवातीला एवढं पुरतं.

खरी गफलत होते बक्षिसापाशी. सुरुवातीला बक्षिसाने काम झालं, म्हणून पुढेही तेच वाढवत न्यायचं, असा हिशेब असतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी कबूल केलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. तेच प्रमाणपत्र ज्यांना न सांगता, नंतर दिलं, त्यांची आवड घटली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, सौद्याचा आहे. माती-गांडुळांची ओढ मुलांना असतेच. तिचा सौदा कशाला करायचा? त्यात ‘सर्वांत जास्त किलो ओला कचरा आणणाऱ्या वर्गाला ढाल’ हा प्रकार तर डोक्यात जातो. जास्त अन्न टाकणारा वर्गच जिंकणार ना!

टिकवणारी प्रेरणा कंपोस्टच्या ढिगापाशीच मिळते. नीट जमलेला ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो. तो उलटताना वाफ निघते, मुलं तापमापी खुपसून आकडा फळ्यावर लिहितात, आणि तयार खत कुठल्या वाफ्यात घालायचं यावर भांडतात. भांडू द्यावं.

ही प्रेरणा मरते वासाने. साली-उष्ट्यावर दरवेळी सुका पालापाचोळा पडायलाच हवा. मूठभर मिश्रण दाबल्यावर थेंब-दोन थेंब आले तर ठीक; धार लागली की हवा कोंडते, ढीग सडतो, आणि नाक दाबून उभ्या असलेल्यांपुढे कुठलंही भाषण चालत नाही.

शिवाय बादल्या धुणं आणि ढीग उलटणं शिपायांच्या गळ्यात, फोटो मात्र इतरांचे, अशी वाटणी असेल तर ते मनापासून का करतील? उन्हाळी-दिवाळी सुट्टीत ढिगाकडे कोण बघणार, हे त्यांना विचारून ठरवल्याशिवाय पहिली बादली ओतूच नये.